सुनेला भाकर वाढायची?

"डॉक्टरनं गहू बंद सांगितला. आता एका माणसासाठी रोज दोन स्वयंपाक कोण करणार?"

विदर्भातल्या गावांतून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी कुटुंबं हा प्रश्न इतक्यांदा विचारतात, की आताशा वाक्यसुद्धा पाठ झालं आहे. विचारते बहुधा सासू, नाहीतर नवरा. जिला पथ्य सांगितलंय ती खाली मान घालून बसलेली असते. मी आधी तिच्याकडे बघते.

आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याचं अस्तर खराब करतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गोळी नाही, पथ्य आहे, आणि ते जन्मभराचं. "चिमूटभर चालतं" हे खरं नाही. त्रास जाणवला नाही तरी आतडं दुखावतं. आणखी एक: शंका आहे म्हणून तपासणीआधीच गहू सोडू नका, रक्ततपासणी आणि बायोप्सी (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) दोन्ही फसतात.

वर्ध्याकडचं एक शेतकरी घर आठवतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सुनेचं रक्त कित्येक वर्षं कमी, लोहाच्या गोळ्या खाऊनही वाढेना. शेवटी निदान झालं. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात, मे संपता संपता, ती नात्यातल्या एका लग्नाहून परतताना रस्त्यात पडली. घरचे आले ते "हिला ऊन लागल्यापासून भीती बसली, तेवढी काढा" म्हणत.

"लग्नातून भर बारा वाजता एकट्याच का निघालात?" मी विचारलं.

"पंगत बसत होती."

"मग?"

"जेवत काऊन नाही म्हनून सगळे इचारतीन. त्याच्यापेक्षा निघालेलं बरं."

आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं. तिथून फाटा चार किलोमीटर. नांगरून पडलेली काळी रानं, सावलीला झाड नाही, अंगावर नायलॉनची साडी, हातात अर्ध्या लिटरची अर्धी बाटली. "पानी फाट्यावर भेटन म्हटलं." तिसऱ्या किलोमीटरला तोल गेला. शेळ्या राखणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिला पुलाच्या सावलीत ओढलं, दुपट्टा भिजवून मानेवर टाकला, वारा घातला आणि मग फोन करायला लावला. त्याने क्रम बरोबर साधला. भान हरपलं, बडबड सुरू झाली, तर आधी अंग थंड करायचं (मान, काखा, जांघा), सोबतच १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. तापाची गोळी इथे कामाची नाही, आणि खिशातला कांदाही नाही.

पारा ४५ च्या पुढे असताना तासभराच्या वाटेला अर्धी बाटली म्हणजे काहीच नव्हे. दोन लिटर हाताशी हवं, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पोटात जायला हवं, आणि शक्यतो अकरा ते चार निघूच नये. नुसतं पाणीही पुरत नाही, घामासोबत मीठ जातं. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुकतंच पथ्य सुरू झालेल्या माणसाचं आतडं अजून सावरलेलं नसतं, त्यात जुलाब असतील तर पाणी-मीठ आधीच कमी. म्हणून अशा माणसाने उपाशीपोटी उन्हात निघणं दुप्पट धोक्याचं.

हे सगळं तिला एका बैठकीत सांगून झालं असतं. पण ती पडली कशाने? माझ्या मते उन्हाने नंतर, पंगतीने आधी. भीती तिच्या मनात शोधत बसले असते तर वर्ष गेलं असतं. मी घराकडे बघते. एका माणसाचं दुखणं बरेचदा घराच्या रीतीत असतं. पुढच्या बैठकीला सासूबाईंना बोलावलं.

"सून भाकर खाईल, त्यात अडचण काय?"

"लोकं काय म्हनतीन? घरात गहू असून सुनेले भाकर वाढते!"

दोन बैठका आम्ही याच वाक्याभोवती फिरलो. दोन स्वयंपाकांचा प्रश्न कष्टांचा नव्हताच. पोळी म्हणजे मान आणि भाकर म्हणजे गरिबी, हा हिशेब त्या घरात पक्का होता. सुनेने लग्नाला सोबत नेलेला डबा उघडला नाही तोही याच हिशेबाने.

चौथ्या बैठकीत विचारलं, "तुम्ही या घरात आलात तेव्हा काय वाढलं होतं?"

"पुरनाची पोयी."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

त्या थांबल्या. खूप वेळ. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "भाकर. सगळ्याईलेच भाकर होती तवा. गहू सनावाराले. राशनचा गहू आला अन् पोयी रोजची झाली."

"म्हणजे डॉक्टरांनी सुनेला तुमचंच जेवण सांगितलं."

सून पहिल्यांदाच हसली. सासूबाई माझ्याकडे न बघता तिला म्हणाल्या, "औंदा धुऱ्याले दोन तासं जवारी पेरतो. डुकरं ठेवतीन तेवढी तुही."

माझ्या कामात अशी घटका क्वचित येते. इतकंच कळलं की पथ्य बाहेरून आलेलं वाटतं तोवर ते शिक्षा असतं; घरच्या आठवणीतून आलं की चूल पेटते.

मग स्वयंपाकघराचं बोलणं सोपं झालं. रात्री सगळ्यांना भाकर. सकाळी पोळी लागतेच, तर सुनेचं आधी रांधून झाकायचं आणि मगच गव्हाचं पीठ उघडायचं, कारण ते उडतं. पोळपाट, लाटणं, चाळणी, परात तिची वेगळी, त्यांना लाल दोरा बांधलेला. लाकूड आणि जाळी कितीही घासली तरी पीठ धरून ठेवतात. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तिच्यासाठी पाटोडी तळायची नाही. वडाभात, गोळाभात, कढीगोळे, झुणका, भगर हे सगळं चालतं. रोडगे, पानगे, शेवया, गव्हाच्या कुरडया आणि उन्हाळ्यातलं गव्हाचं सातूपीठ बंद. फसवतो तो हिंग: डबीतल्या बांधीव हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं. डबीवरचे घटक वाचा.

भाकर तुटते ही दुसरी तक्रार. ग्लुटेन नाही म्हणजे पिठाला ताण नाही. तो उकळत्या पाण्याने आणायचा. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, थोडं थोडं घालत, आणि तळहाताने चांगलं पाच मिनिटं मळायचं. एका वेळी एकाच भाकरीपुरता गोळा घ्या. पीठ आठवड्याचंच दळा, जुनं झालं की कडाला चिरतं. लग्नाच्या डब्यात भात नको, उन्हात दुपारपर्यंत आंबतो. भाकर, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याचा लाडू.

खरी अडचण गिरणीची. गव्हामागून ज्वारी दळली की दगडात राहिलेला गहू पिठात येतो, मूठभर तांदूळ आधी दळून तो पुरता निघत नाही. त्यांनी माळ्यावरचं जातं काढलं. पंधरा दिवस चाललं, मग हात भरून आले. सोयाबीनचे पैसे आल्यावर नवी घरघंटी घेतली. तिच्यात ज्वारी, तांदूळ आणि चण्याची डाळ एवढंच जातं.

परवा सुनेने सांगितलं, शेजारीण गव्हाचा डबा घेऊन दळायला आली होती. सासूबाईंनी दारातूनच परत पाठवली.

"काय म्हणाल्या?"

"म्हने, आमची चक्की भाकरीची हाय."