आईच्या लुगड्याच्या वाकळीशिवाय झोप येत नाही, ही सवय घातक आहे का?

आपण लिहिले आहे की वयाच्या 32 व्या वर्षीही आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ उशाशी नसेल तर आपल्याला झोप येत नाही, लग्न ठरल्यापासून ती अधिकच हवीशी वाटते, आणि हे मनाच्या दुबळेपणाचे लक्षण तर नाही ना, अशी शंका येते. मी डॉक्टर नाही. फोंड्याजवळच्या एका शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. परंतु अशा दोन सवयी मी स्वतः बाळगल्या, एक आजीच्या वाकळीची आणि दुसरी तपकिरीची, आणि कित्येक वर्षे त्यांच्याबद्दल माझी समजूत नेमकी उलटी होती. तपकिरीची डबी मी शिक्षकांच्या खोलीत चारचौघांपुढे फिरवीत असे. वाकळ मात्र पाहुणे आले की कपाटात कोंबत असे. तेव्हा लाज वाटते म्हणून सवय वाईट, हा हिशेब आधी सोडून द्यावा.

तपकीर सुरू झाली ती दुपारच्या जेवणानंतरच्या एका चिमटीने. चार वर्षांत ती प्रत्येक तासाआधी लागू लागली, कारण नाकाच्या अंतस्त्वचेतून रक्तात जाणारे निकोटीन दोनेक तासांत निम्मे ओसरते आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. सोडली तेव्हा तिसऱ्या दिवशी, एका मुलाच्या हातून कंपासपेटी पडली एवढ्यावरून मी वर्गात असा ओरडलो की पोर रडले. वाकळीने मात्र इतक्या वर्षांत कधी जास्त काही मागितले नाही. प्रशिक्षणासाठी पुण्याला दहा दिवस तिच्याविना राहिलो, तेव्हा पहिल्या रात्री तीनपर्यंत कूस बदलत होतो, दुसऱ्या रात्री बारापर्यंत, आणि चौथ्या रात्री ती आठवलीदेखील नाही. झोपेचे साधारण दीड तासाचे फेरे असतात; त्यांच्यामध्ये क्षणभर जाग आली की ज्या स्थितीत डोळा लागला तीच स्थिती शरीर चाचपते, आणि नवी स्थिती अंगवळणी पडायला काही रात्री जातात, इतकेच त्यामागे असावे.

इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 1951 साली मांडलेल्या निबंधात, मूल चादरीच्या टोकाला किंवा एखाद्या मऊ वस्तूला का बिलगते याचा विचार केला आहे. त्यांनी याला आजार न मानता वाढीचाच भाग मानले, आणि अशी गरज मोठेपणी, काही हिरावले जाण्याची भीती वाटू लागली की पुन्हा डोके वर काढू शकते, असेही नोंदवले. आपण डिसेंबरात आईचे घर सोडणार आहात. वाकळ आत्ताच अधिक जवळची का वाटते, याचे उत्तर मला तरी त्यातच दिसते.

तरीही एकदा पडताळून पाहावे. सलग चार-पाच रात्री ती दुसऱ्या खोलीत ठेवा. नुसती चुळबुळ होऊन हळूहळू झोप लागत असेल, तर काळजीचे कारण नाही. पण छातीत धडधड होत असेल, किंवा वाकळ नेता येत नाही म्हणून आपण प्रवास आणि कामे टाळू लागला असाल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर किंवा गोव्यातील बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जाऊन बोलावे.

खरा अपाय झालाच तर तो वाकळीच्या आत आहे, आणि त्याबद्दल कुणी विचारीत नाही. धुळीतले सूक्ष्म कीटक हवेतूनच ओलावा घेतात, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या कापडाच्या थरांत ते भराभर वाढतात आणि दमा असणाऱ्याला त्रास देतात. 60 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात ते मरतात, पण जीर्ण लुगडे त्या पाण्यात टिकेलच असे नाही. म्हणून मी वाकळीला सुती खोळ शिवून घेतली, खोळ गरम पाण्यात धुतो, आणि पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीच्या, दिवसांत मिरच्या-सोलांबरोबर वाकळही अंगणात उन्हाला घालतो.

होणाऱ्या यजमानांना सांगावे की नाही, हेही आपण विचारले आहे. सांगावे, आणि लग्नाआधीच. माझ्या पत्नीला ती लग्नानंतर दोन महिन्यांनी कपाटात सापडली. तिने उलटसुलट करून पाहिली आणि इतकेच म्हणाली, ‘‘हिची एक कड उसवली आहे, पांढरा दोरा आहे का घरात?’’