ताट वेगळं करून काय होणार?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझे मिस्टर (वय ४१) वर्षभर पित्ताच्या गोळ्यांवर होते. गेल्या महिन्यात दुर्बिणीने तपासलं, तर अल्सर आणि 'एच. पायलोरी' जंतू निघाले. १४ दिवसांचा कोर्स होता, तो त्यांनी दहाव्या दिवशी सोडला. तोंडाला विचित्र चव येते आणि आता दुखतही नाही, म्हणतात. सासूबाईंनी त्यांचं ताट, वाटी, पेला वेगळा केलाय. चार वर्षांच्या मुलीला बाबांच्या शेजारी जेवायला बसू देत नाहीत. घरात सहा माणसं, संडास एकच. सगळ्यांनी तपासून घ्यायचं का? मुलीलाही? माझं हिमोग्लोबिन गोळ्या खाऊनही ९ च्या वर सरकत नाही, पण तो वेगळा विषय. – एक वाचक, कराड

उत्तर : ताई, तो वेगळा विषय नाही. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी ते ताट परत मांडणीवर जाऊ द्या. हा जंतू फार नाजूक प्रकृतीचा. १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन तो प्रयोगशाळेत वाढवायला बघत होते, पण दोन दिवसांत काही दिसेना, की बशी फेकून द्यायची अशी रीत. ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच आत राहिल्या आणि मग जंतू उगवला. एवढे चोचले पुरवल्यावर जो उगवतो, तो साबणाने घासून वाळवलेल्या स्टीलच्या ताटावर काय संसार मांडणार? जठरातल्या आम्लात मात्र तो टिकतो, कारण अमोनिया तयार करून स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. तिथून तो उलटीतून, शौचातून, आंबट पाण्याबरोबर तोंडातून बाहेर पडतो.

आणि लागतो तो बहुतेकांना लहानपणीच, घरातूनच, बऱ्याचदा आईकडून. तुमच्या मिस्टरांच्या पोटात तो बहुधा त्यांच्या चड्डीच्या वयापासून असणार. (हे सासूबाईंना वाचून दाखवायलाच हवं असं नाही.)

आपलं उष्ट्याचं गणितही गमतीचं. पाहुण्याने तोंड लावलेला तांब्या आपण विसळून घेतो, पण नातवंडाला बदाम चावून, मऊ करून भरवणं ही माया! माझी आजी दाढा नसलेल्या तोंडात भाकरी घोळवून मला घास द्यायची. 'हा चिऊचा, हा काऊचा.' अडतिसाव्या वर्षी माझ्याही पोटात हेच जंतू निघाले. आजीने दिले याला पुरावा नाही, आणि असता तरी तिच्यावर फिर्याद केली नसती. तुमच्या घरी मात्र चावलेला घास, वरणाची चव बघितलेल्या चमच्याने भरवणं, एका पेल्याने सगळ्यांनी पाणी पिणं, एवढं थांबवा. मुलगी बाबांच्या शेजारी बसून तिच्या ताटलीत खुशाल जेवू दे.

संडास एक असला तरी बिघडत नाही. साबण कुठे आहे ते बघा. बऱ्याच घरांत तो न्हाणीघरात असतो आणि संडासातून आलेला माणूस नुसत्या पाण्याखाली बोटं धरून स्वयंपाकघरात शिरतो. संडासाच्या दाराशीच साबण ठेवा. मुलीला धुतल्यावर आणि कुणाची उलटी पुसल्यावर तुमचेही हात साबणाने धुवा. पाण्याचा भरवसा नसेल तर उकळून प्या.

आता मिस्टर. मला त्यांचा राग आला, पण समजलंही. ती चव मी घेतली आहे, दिवसभर तोंडात जुना पैसा धरल्यासारखी! दहा दिवसांत दुखणं थांबलं, ते आम्ल कमी करणाऱ्या गोळीने. जंतू गेले की नाही, हे त्यावरून कळत नाही. अर्धवट मारलेले जंतू पुढच्या वेळी औषधाला जुमानत नाहीत. म्हणून उरलेली पाकिटं आता परस्पर संपवू नका, ज्यांनी कोर्स दिला त्यांच्याकडे जा. ते बहुधा औषधं बदलतील. त्यात बिस्मथ असेल तर शौचाला काळं होईल, ते त्या औषधानेच.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायचीच. त्याआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद हवी, डॉक्टरांना विचारून. स्वस्तात होते म्हणून रक्ताची अँटिबॉडी तपासणी करू नका. जंतू गेले तरी ती कित्येक महिने पॉझिटिव्हच येते.

मुलगी खेळते, जेवते, वजन वाढतंय? मग तिला तपासू नका. घरातल्या मोठ्यांपैकी ज्यांना सतत पोटदुखी आहे, अल्सर होऊन गेलाय किंवा ज्यांच्या सख्ख्या नात्यात जठराचा कॅन्सर आहे, त्यांनी तपासून घ्यावं.

आणि तुम्ही. हा जंतू जठराला सूज आणतो आणि लोह नीट शोषलं जात नाही. पाळीत जास्त रक्त जातं का, हे आधी डॉक्टरांना सांगा आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. कारण सापडलं नाही तर शौचाची अँटिजेन तपासणी (शौचात जंतूचेच अंश शोधणारी) मागा. सहा माणसांत पहिला नंबर तुमचा लावायला हवा होता, आणि पत्रात तुम्ही स्वतःला शेवटच्या ओळीत बसवलंत. शौचाच्या नमुन्याची डबी नेण्याआधी दोन आठवडे तुम्हीही पित्ताची गोळी घेऊ नका. 'मी कुठे घेते?' म्हणाल, पण फ्रिजवरच्या नवऱ्याच्या पाकिटातली एखादी गोळी बायकोच्या पोटात जातेच, हे मी रोज ऐकते.