इंग्रजी पत्रात ‘डिमांड’ लिहिणं उद्धटपणाचं आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नवी नोकरी आहे, प्रवासाचं बिल कंपनीकडे अडकलंय, एचआरला इंग्रजीत मेल लिहायचाय. आस्क, रिक्वेस्ट आणि डिमांड यांतलं काय वापरू? डिमांड लिहिलं तर उद्धट वाटेल का?

उद्धट दिसण्याच्या याच भीतीपायी आमच्या घरचे सव्वा लाख रुपये बुडायच्या बेतात आले होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही शिरपूर तालुक्यातले, कापूसवाले. त्या वर्षी भाव वाढेल या आशेवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्खा कापूस घरातच भरून ठेवला होता. ज्यांच्या घरात कापूस साठतो त्यांना माहीत आहे, पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग आणि रात्रभर सगळ्यांच्या अंगाला खाज. शेवटी आई वैतागली आणि राज्याच्या सीमेपलीकडच्या एका जिनिंगवाल्याला, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराला, माल दिला. त्यानं थोडे रोख दिले आणि उरलेल्या सव्वा लाखाचा चेक दिला. चेक परत आला. बँकेनं त्याला स्टेपल केलेला मेमो अजून डोळ्यांसमोर आहे: ‘फंड्स इनसफिशियंट’ या ओळीसमोर निळ्या पेनची बरोबरची खूण.

माणूस दुसऱ्या राज्यातला, त्याचं ऑफिस इंग्रजीत चालणारं, म्हणून पत्र इंग्रजीत लिहायचं ठरलं. घरात इंग्रजीचे अधिकारी म्हणजे नाना, माझे थोरले काका, निवृत्त मुख्याध्यापक. मी तेव्हा धुळ्याला बी.कॉम. करत होतो. मी म्हटलं, नाना, रक्कम लिहा, तारीख लिहा आणि ‘वुई डिमांड पेमेंट’ असं सरळ लिहा. नाना चिडले. म्हणाले, “डिमांड म्हणजे धमकी झाली. सभ्य माणूस इंग्रजीत रिक्वेस्टच करतो. तुला चार पुस्तकं वाचून अक्कल आली का?” आप्पा मध्ये बोलले, “पैसा आपला शे, नाना. भीक नही मांगी राहिनूत आपन.” पण मोठ्या भावापुढे त्यांनी ते ताणलं नाही.

नानांचं अक्षर मोत्यासारखं. पत्रात त्यांनी व्यापाऱ्याच्या कुटुंबाचं क्षेमकुशल विचारलं, जुने संबंध आठवले आणि शेवटी लिहिलं की, झाल्या प्रकाराकडे कृपया लक्ष द्यावं आणि ‘डू द नीडफुल’, म्हणजे योग्य ते करावं, अशी नम्र रिक्वेस्ट. चेकचा नंबर नाही, रक्कम नाही, पैसे द्या असंही कुठे नाही. रजिस्टर्ड पोस्टानं पत्र गेलं, पोच आली, बाकी काही आलं नाही. नाना म्हणत राहिले, थांबा, भला माणूस आहे.

मग धुळ्याच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पत्राची झेरॉक्स वाचली आणि विचारलं, “यात मागितलंय काय?”

चेक, हुंड्या यांचा कायदा म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, तो 1881 चा आहे. चेक न वटण्याचं कलम 138 त्यात 1989 पासून लागू झालं. त्यात शब्दच ‘डिमांड’ आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस देऊन रकमेची मागणी करायची. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. नानांच्या पत्रात मागणीच नव्हती, आणि 30 दिवस उलटून गेले होते.

वाचलो ते एवढ्यामुळेच की चेकची मुदत शिल्लक होती. ही मुदत पूर्वी सहा महिने असायची, 1 एप्रिल 2012 पासून तीन महिने झाली. मुदतीच्या आत चेक पुन्हा बँकेत लावता येतो, आणि तो पुन्हा परत आला तर नव्यानं नोटीस देता येते. आम्ही लावला, परत आला. या वेळी वकिलांनी नोटीस दिली: चेकचा नंबर, तारीख, रक्कम, आणि ‘वुई हियरबाय डिमांड’. पंधरा दिवस व्हायच्या आत आप्पांच्या खात्यात पूर्ण रक्कम जमा. पुढच्या हंगामात त्याच जिनिंगवाल्याचा माणूस कापूस विचारायला दारात आला, आईनं त्याला चहासुद्धा दिला. म्हणजे डिमांड लिहिल्यानं संबंध तुटतात, हेही काही खरं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आस्क हा रोजचा शब्द आहे, त्यात ना लाचारी ना दादागिरी. ‘आय आस्क्ड हिम टू कम’ म्हणजे ‘मी त्याला यायला सांगितलं’, ‘विचारलं’ नव्हे. आपल्याकडची निम्मी पोरं इथेच अडखळतात आणि ‘आय सेड हिम टू कम’ लिहून मोकळी होतात. वस्तू किंवा पैसे मागायचे असतील तर ‘आस्क फॉर’. रिक्वेस्ट क्रियापद असेल तेव्हा पुढे फॉर लावू नका: ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. नाम असेल तर लावा: ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. डिमांडचं पण तसंच, आणि शिवाय ‘आय डिमांड यू टू पे’ ही रचना इंग्रजीत चालत नाही. ‘आय डिमांड पेमेंट’ किंवा ‘आय डिमांड दॅट ही पे’. या दुसऱ्या वाक्यात ‘पे’ला एस लागत नाही.

डिमांड हा शब्दच असभ्य, हे आपल्याकडच्या मास्तरांनी पसरवलेलं आहे, आणि मला ते मुळीच पटत नाही. राज्यघटनेचं 113 वं कलम काढून बघा. सरकार लोकसभेपुढे खर्चाला मंजुरी मागतं ती ‘डिमांड्स फॉर ग्रँट्स’ या रूपातच. सरकारला लोकसभेकडे डिमांड करता येते, बँकेत डिमांड ड्राफ्ट चालतो, वीज कंपनी नव्या कनेक्शनसाठी आपल्याला डिमांड नोट देते आणि आपण मुकाट्यानं भरतो. मग शेतकऱ्यानं स्वतःच्या कापसाचे पैसे मागताना तोच शब्द लिहिला की उद्धट? सगळे लोक आपल्याकडे डिमांड करणार आणि आपण सगळ्यांना ‘मोस्ट हंबली अँड रिस्पेक्टफुली’ विनवत बसणार, हे मला मान्य नाही. नानांशी मी यावर अजूनही वाद घालतो. ते म्हणतात, पैसे चेक दुसऱ्यांदा लावल्यामुळे आले, शब्दामुळे नाही. अहो, पण दुसऱ्यांदा लावून पुन्हा तसंच पत्र पाठवलं असतं तर?

एक गोष्ट मात्र नानांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. कोर्ट शब्दावर अडून बसत नाही, अर्थ बघतं. सर्वोच्च न्यायालयानं 1999 च्या एका निकालात ‘काइंडली’ पैसे द्यायची व्यवस्था करा, नाहीतर कारवाई होईल, अशा भाषेतली नोटीससुद्धा मागणी म्हणून धरली. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात तर अर्जाला ‘रिक्वेस्ट’च म्हटलंय. तरी ती रिक्वेस्ट का करताय हे सांगावं लागत नाही, आणि एरवी 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. तेव्हा रिक्वेस्ट लिहायला माझी हरकत नाही. काय, किती आणि कधीपर्यंत, हे न लिहिता नुसतं ‘डू द नीडफुल’ लिहायला आहे.

तुमच्या मेलमध्ये पहिल्या खेपेला डिमांड नको, ती वेळ अजून आलेली नाही. ‘आय रिक्वेस्ट पेमेंट ऑफ माय ट्रॅव्हल बिल’ लिहा, पुढे बिलाची तारीख, आकडा आणि अमुक तारखेपर्यंत, आणि बिल सोबत जोडा. ती तारीख उलटली तर दुसरा मेल वरिष्ठांना, पहिला खाली ठेवून. तेव्हा डिमांड लिहायला कचरू नका. आणि मेल पाठवण्याआधी घरातल्या कुणा निवृत्त मास्तरांना वाचायला देऊ नका.