उंचीच्या (ग्रोथ हार्मोनच्या) इंजेक्शनबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा, वर्गात सगळ्यात बुटका. माझी उंची १५२, ह्यांची १६५ सेंमी. सगळे म्हणतात इंजेक्शन सुरू करा. (महाल)

ताई, आधी हिशोब बघा. दोघांची उंची मिळवा, मुलगा आहे म्हणून त्यात १३ टाका अन् अर्धे करा (मुलगी असती तर १३ वजा). तुमचे येतात १६५, म्हणजे मोठेपणी मुलाची उंची साधारण एवढी, आठेक सेंमी इकडेतिकडे. खरी गोष्ट म्हणजे वर्षाला किती वाढतो, या वयात ५-६ सेंमी वाढायलाच पाहिजे. अनवाणी उभा करा, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवं, पेन्सिलची खूण, अन् सहा महिन्यांनी परत. वेग बरोबर असेल तर नातेवाइकांना चहा पाजा अन् विषय बदला.

प्रश्न : मुलगी ७ वर्षांची, वर्षभरात ३ च सेंमी वाढली. रक्तातलं ग्रोथ हार्मोन नॉर्मल आलं, मग टेन्शन नाही ना? (हिंगणा)

आहे दादा. हे हार्मोन दिवसभर सारखं नसतं, मधूनमधून सुटतं, गाढ झोपेत जास्त, त्यामुळे त्या एका रिपोर्टवर काहीच ठरत नाही, पैसे तेवढे गेले. आधी थायरॉईड, सिलियाक (गव्हाचा त्रास, पोट न दुखताही असतो), किडनी, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे रक्तात तयार होणारा घटक), डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे (हाडांचं वय कळायला), अन् मुलगी आहे म्हणून कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) हवाच, कारण टर्नर सिंड्रोममधे (मुलींमधे एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं) कधीकधी कमी उंचीशिवाय दुसरं काही दिसतच नाही. थायरॉईड निघालं तर साध्या गोळीवर काम होतं. मग गरज पडली तर स्टिम्युलेशन टेस्ट (औषध देऊन हार्मोन किती सुटतं ते बघायची), उपाशीपोटी क्लोनिडिन नावाचं औषध देऊन थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतात, पोरगी पेंगेल, घाबरू नका. नागपूरच्या मेडिकलमधे (सरकारी मेडिकल कॉलेज) किंवा मिहानच्या एम्समधे बालरोग ओपीडीपासून सुरुवात करा.

प्रश्न : इंजेक्शन सुरू आहे. मे महिन्यात लाइट गेली तर इंजेक्शनच्या पेनचं काय?

२ ते ८ डिग्री लागतात, अन् आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरला चिकटून नको, गोठलं की फेकायचं. लाइट गेली की फ्रिज उघडूच नका. अमरावतीला लग्नाला निघाले तर आइसपॅकला रुमाल गुंडाळून कूलर बॅगेत, गाडीच्या डिकीत नाही. एखादा डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी डबल नाही. पण पोर लंगडलं, खुब्यात-गुडघ्यात दुखलं, किंवा डोकं दुखून उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

प्रश्न : वय १७, पोलीस भरतीला १६५ लागते, ३ सेंमी कमी पडतात.

हाडांच्या ग्रोथ प्लेट (टोकाशी हाड जिथून वाढतं तो भाग) बंद झाल्या असतील तर इंजेक्शनने उंची वाढत नाही भाऊ, अन् उंची वाढवायच्या नावाने विकतात त्या पावडरी तर कधीच वाढवत नाहीत. आधी हाताचा एक्स-रे काढ.