कंपनीचं ॲप फुकट, माझा क्लास मीटरवर

प्रश्न : मी साताऱ्यात घरून हार्मोनियम शिकवते, त्यावरच घर चालतं. विद्यार्थी अमेरिकेतल्या मराठी घरांतले, त्यामुळे क्लास सकाळी सहाला. आमच्या ब्रॉडबँडवाल्याचं स्वतःचं व्हिडिओ ॲप कितीही वापरलं तरी डेटा कापला जात नाही. माझा क्लास मात्र मोजला जातो आणि सारखा अडकतो. 'आमच्या ॲपवर क्लास घ्या, अडकणार नाही,' असं तो म्हणतो. हे चालतं का?

उत्तर : ताई, ॲपनुसार डेटाचा वेगळा दर चालत नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) ८ फेब्रुवारी २०१६ च्या विनियमांनी त्यावर बंदी आहे, आणि शून्य दर हाही दरच. दंड दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख. (एखाद्या ओटीटीची वर्गणी प्लॅनसोबत फुकट देणं वेगळं, त्याला हरकत नाही.) 'आमचं ॲप इंटरनेटवर नाही, आमच्या आतल्या नेटवर्कवर चालतं,' असं ते म्हणतील. तशा बंद नेटवर्कला सूट आहे खरी, पण ते ॲप मोबाइल डेटावर उघडून पाहा. उघडलं, तर ते इंटरनेटवरच आहे आणि हा बचाव लंगडा पडतो.

अडकण्याचं प्रकरण जरा अवघड आहे. २०१८ पासून इंटरनेट कंपन्यांच्या परवान्याच्या अटींतच मजकूर पाहून वेग कमी करायला मनाई आहे, पण गर्दी आवरण्यासाठी वाजवी उपाय करायला मुभा आहे. आता सकाळी सहाला गर्दी कुणाची, हे त्यांनी सांगावं! तुम्ही मात्र आठवडाभर त्याच वेळी स्पीड टेस्ट, त्यांचं ॲप आणि तुमचा क्लास अशा तिन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा. आणि ते 'आमच्या ॲपवर या' त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. मला सगळ्यात जास्त भरवसा त्याच वाक्याचा आहे.

तक्रार गल्लीतल्या केबलवाल्याकडे नको. बिलावर जिचं नाव आहे त्या परवानाधारक कंपनीकडे करा, तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) नंबर घ्या. समाधान झालं नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. ट्रायला नियमभंग जरूर कळवा, पण ट्राय एकेका ग्राहकाचा निवाडा करत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सेवेसाठी तुम्ही भरलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे शुल्क नाही. 'तुम्ही धंद्यासाठी नेट वापरता, ग्राहक कसल्या?' असं विचारतीलच. पोटासाठी केलेला स्वयंरोजगार कायद्याने 'धंद्या'तून वगळलेला आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच.

तोवर बिल मात्र थकवू नका, नाहीतर थकबाकीचं निमित्त करून लाइनच कापतील.