चेहऱ्यापाशी थांब

प्रिय मित्रा,

तुझी संहिता वाचली. लिहिण्यात जीव आहे. पण दरबार आणि लढाया यांवर तू पानंच्या पानं खर्च केलीस, आणि आता निर्माता पैसे देणार नाही म्हणून हताश झालायस. लगेच काही खोडू नकोस. आधी एक जुनी मालिका बघ: बीबीसीची ‘आय, क्लॉडियस’, १९७६ सालची. माझं तिच्यावर फार प्रेम आहे, इतक्या वर्षांनीही.

ऑगस्टसपासून क्लॉडियसपर्यंतच्या रोमन सम्राटांची ही गोष्ट. रॉबर्ट ग्रेव्ह्जच्या दोन कादंबऱ्यांवरून जॅक पुलमननं ती लिहिली. एवढं अफाट साम्राज्य, आणि चित्रीकरण लंडनमधल्या बीबीसीच्या स्टुडिओत! लढाया फक्त बोलण्यात येतात. ग्लॅडिएटर्सच्या झुंजी असतात तेव्हा आपल्याला दिसतो तो राजघराण्याचा सज्जा; हजारोंची गर्दी नुसत्या गलक्यातून कळते. आणि तरी रोम छोटं वाटत नाही. कारण पुलमनला साम्राज्यापेक्षा त्या घरात रस आहे. वतनासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेलं घराणं असावं, तशी ही माणसं जेवायला बसतात, लग्नं जुळवतात, विष घालतात.

ऑगस्टसच्या मृत्यूचा प्रसंग मात्र नीट बघ. बायको लिव्हिया आपल्या जिवावर उठली आहे असा त्याला संशय आहे, म्हणून तो स्वतःच्या हातानं झाडावरून तोडलेली अंजिरंच खातो. लिव्हिया झाडावरच्या अंजिरांना विष लावते. तो अंथरुणावर पडलेला, आणि दिग्दर्शक हर्बर्ट वाइज कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर नेऊन थांबवतो. तिथून हलतच नाही. लिव्हिया बोलत राहते, पण आपल्याला ती दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. ऑगस्टस झालेला ब्रायन ब्लेस्ड म्हणजे गडगडाटी आवाजाचा नट. इथे त्याच्या तोंडी शब्द नाही. त्या डोळ्यांतून जीव नेमका कधी गेला, हे शोधत आपण बघत राहतो. मग उठून जाता जाता ती मुलाला, तिबेरियसला, बजावते की अंजिरांना हात लावू नकोस.

एवढा वेळ एकाच चेहऱ्यावर थांबायचं धाडस आज कोण करतं? आपण लगेच कट मारतो, संगीत वाढवतो. नटावर आपला विश्वास नसतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या वाक्यांवरही नसतो.

क्लॉडियस झालेला डेरेक जेकोबी तोतरा बोलतो, लंगडतो, मान झटकतो. घरचे त्याला वेडगळ समजतात, म्हणूनच तो वाचतो. त्याचं व्यंग कथेला पुढे नेतं. तुझ्या संहितेतल्या आंधळ्या काकाचं तसं होत नाही, तो फक्त दया मिळवायला आलाय. त्याचा विचार कर.

मालिका आजच्या सवयीला संथ वाटेल. म्हातारपणाचा मेकअप कुठे कुठे उघडा पडतो, नावांचा गोंधळ होतो. शेजारी कागद ठेव, वंशावळ काढत जा.

नंतर म्हाताऱ्या लिव्हियाचा आणि क्लॉडियसचा जेवणाचा प्रसंग येईल. लिव्हिया झालेल्या सियान फिलिप्सनं तिथे कमाल केली आहे. मेल्यावर नरकात जावं लागेल म्हणून लिव्हिया घाबरली आहे; आपल्याला देवी केलं तर सुटका होईल असा तिचा हिशोब. क्लॉडियस बदल्यात फक्त खरं काय ते मागतो, तो लिहीत असलेल्या घराण्याच्या इतिहासासाठी. आणि ती एकेक खून सांगत जाते, घरातल्या जुन्या गोष्टी सांगाव्यात तितक्या सहज. कुठेही आवाज चढत नाही.

हा प्रसंग वहीत उतरवून काढ. संवाद तर लिहीच, पण प्रत्येक वाक्याला कॅमेरा कोणाकडे होता, बोलणाऱ्याकडे की ऐकणाऱ्याकडे, तेही शेजारी लिही. वही घेऊन रविवारी घरी ये, सकाळीच ये म्हणजे निवांत बोलता येईल.

तुझा,
काका