बुटीबोरीत पन्नासेक लोकांचं युनिट आहे, दिवाळीला बोनस देऊनही कामगारांचा उत्साह वाढत नाही, काय करावं?

बोनस त्याच्या जागी राहू द्या आणि कामाशी थेट जोडलेला इन्सेंटिव्ह दर महिन्याच्या पगारात द्या, फरक त्याने पडतो. दिवाळीचा बोनस कामगाराला बक्षीस वाटतच नाही कारण तो त्याचा हक्क आहे, १९६५ च्या बोनस कायद्याने पगाराच्या किमान ८.३३ टक्के ठरवून दिला, कंपनी तोट्यात असली तरी द्यावा लागतो, जास्तीत जास्त २० टक्के, आणि आता हे सगळं वेतन संहिता या नव्या कायद्यात आलंय तरी टक्के तेच आहेत. जे मिळणारच आहे त्यासाठी कोणी जास्तीचा जोर कशाला लावेल? मी हिंगणा एमआयडीसीत पेरोल बघतो, तिथे चालतं ते असं:

- टार्गेट आणि रक्कम महिना सुरू व्हायच्या आधी फळ्यावर लिहायची, आणि लोकांनी टार्गेट गाठलं म्हणून पुढच्या महिन्यात ते वाढवायचं नाही, हे एकदा केलं की विश्वास गेलाच समजा
- शक्यतो पूर्ण शिफ्टला मिळून द्या, नाहीतर मशीनवाल्याला पैसे आणि हेल्पर, पॅकिंगवाले कोरडेच
- मे महिन्यात शेडमध्ये चांगले कूलर, ताक, शिफ्ट लवकर. नागपूरच्या उन्हात याची किंमत कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त आहे हो

फक्त एक, किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर आधीच नीट मिळत नसेल तर यातलं काहीच चालणार नाही, पहिले ते दुरुस्त करा.